एवढ्या रात्रींचे काय?

२०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यांची तयारी रंगात आलेली असताना, माझा भाचा आमच्या फोंड्याच्या घरी राहायला आला होता. दिवसभर तो वाड्यावरच्या मुलांबरोबर सांगाड्यावर जुनी वर्तमानपत्रे चिकटवण्यात गुंतलेला असे आणि रात्री जेवायला बसला, की साबणाने धुतलेल्या हातांनाही खळीचा आंबूस वास येत असे. त्या बुधवारी रात्री स्वयंपाकघर आवरून, दुसऱ्या दिवसाच्या डब्याची भाजी चिरून ठेवून मी संगणकासमोर बसले आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातला माझा त्या आठवड्याचा ग्रेट व्हॉल्ट, म्हणजे आठवडाभराच्या खेळाचे बक्षीस देणारी तिजोरी, उघडला. आदल्या आठवड्यात मला मोजक्याच डेल्व्ह, म्हणजे छोट्या गुहांमधल्या मोहिमा, जमल्या होत्या. त्याही एकटीने, खेळाने सोबतीला दिलेल्या ब्रॅन ब्रॉन्झबिअर्डला बरोबर घेऊन. व्हॉल्टमधून एक कमरपट्टा निघाला. भाचा माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा होता. त्याने पडद्यावरची आयटम लेव्हल, म्हणजे वस्तूची ताकद सांगणारा आकडा, वाचली, थोडा वेळ काही बोलला नाही, आणि मग अगदी सरळ आवाजात म्हणाला, ‘आत्या, हा हिरॉइक रेडच्या तोडीचा आहे. मग आम्ही एवढ्या रात्री काय केलं?’

त्याने मला हिणवले असते, तर मी ते तिथल्या तिथे सोडून दिले असते. पण तो खरोखरच विचारत होता, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा बाहेर मुलांच्यात निघून गेला, म्हणून प्रश्न माझ्यापाशी राहिला. त्याच्या रात्री मला ठाऊक आहेत. त्या रेडच्या असतात: अनेकांनी मिळून मोठ्या शत्रूंवर केलेली चढाई, आणि हिरॉइक ही तिची एक अवघड पातळी. त्याची गिल्ड, म्हणजे नेहमी एकत्र खेळणारा गट, युरोपच्या सर्व्हरवर आहे. तिकडे संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, आणि तिकडचे घड्याळ हिवाळ्यासाठी मागे सरकले, की साडेबारा. आमच्याकडे असतानाही तो रेडच्या रात्री मधल्या खोलीचे दार लोटून घेई, माइकमध्ये आवाज जाऊ नये म्हणून पंखा बंद करी, आणि पावसानंतरच्या त्या दमट उकाड्यात दबक्या आवाजात बोलत बसे. नेरुब-आर पॅलेस या रेडमधली राणी अन्सुरेक त्यांच्याकडून काही केल्या मरत नव्हती. एकाचा पाय चुकला की सगळे मरायचे, पुन्हा सगळे धावत परत यायचे, पुन्हा तेच खाणे, त्याच औषधी, तीच दहापासूनची उलटी मोजणी. पहाटे कधीतरी फ्रीजचे दार उघडल्याचा आणि तो उभ्याउभ्या पाणी प्यायल्याचा आवाज मला अंथरुणातून ऐकू येई. या साऱ्याच्या समोर माझा कमरपट्टा ठेवला, की त्याचा प्रश्न अन्यायाचा वाटत नाही.

मी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना राहून आले आहे, म्हणून तो मला अधिक टोचतो. फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, २००८ च्या अखेरीस, आम्ही दहाजण नॅक्स्रामसमध्ये शिरलो होतो. हीच रेड २००६ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा तिला चाळीस माणसे लागत, आणि तिच्या शेवटच्या दालनापर्यंत पोहोचलेल्या गिल्ड फारच थोड्या होत्या. बहुसंख्य खेळाडूंनी ती आकाशात तरंगणारी काळी वास्तू केवळ खालून मान वर करून पाहिली होती. दोन वर्षांनी नव्या विस्तारात तीच वास्तू दहा किंवा पंचवीस जणांसाठी, आणि तीही नवख्यांना झेपेल अशा बेताने, पुन्हा उभी केली गेली. आम्हाला ती मिळाली ती अशी. तिथला शेवटचा शत्रू केल’थुझाद पडला तेव्हा आम्ही हेडफोनमध्ये इतके ओरडलो, की शेजारच्या खोलीतल्या मुलीने भिंतीवर थाप मारली. आमच्यात एक डच परिचारिका होती. रात्रपाळी नसेल तेव्हा ती आमच्याबरोबर खेळे. ती त्या पहिल्या चाळीसांपैकी एक होती. आमचा गलबला शमल्यावर तिने सर्वांचे अभिनंदन केले आणि मग शांतपणे सांगितले, की त्यांच्या वेळी चार घोडेस्वारांना आवरण्यासाठी आठ टँक, म्हणजे शत्रूचे वार अंगावर झेलणारे खेळाडू, उभे करावे लागत, आणि आठवा चांगला टँक मिळवण्यासाठी त्यांच्या गिल्डने दुसऱ्या गिल्डमधला माणूस कित्येक आठवडे मनधरणी करून आणला होता. आम्ही ते एखाद्या जुन्या युद्धाची हकीकत ऐकावी तसे ऐकले. तिला तेव्हा नेमके काय वाटले असेल, हे समजायला मला आणखी काही वर्षे लागली.

कारण पुढच्याच हिवाळ्यात मी दुसऱ्या बाजूला गेले. डिसेंबर २००९ मध्ये आइसक्राउन सिटाडेल उघडले आणि आमची गिल्ड त्या किल्ल्यात अक्षरशः राहायला गेली. मी तेव्हा पणजीत नव्याने नोकरीला लागले होते. संध्याकाळच्या बसने परत यायचे, जेवायचे, दोन तास झोपायचे आणि मध्यरात्री उठून बसायचे, असा माझा क्रम होता. आई तो काळजीने पाहत असे, पण विरोध करीत नसे. तिथल्या शेवटच्या शत्रूसाठी, लिच किंगसाठी, खेळाने एक सोय ठेवली होती. किल्ल्यात शिरणाऱ्या प्रत्येकाचे बळ आपोआप पाच टक्क्यांनी वाढवले गेले आणि पुढे काही आठवड्यांच्या अंतराने ते वाढत वाढत तीस टक्क्यांपर्यंत नेले गेले. म्हणजे जो थांबेल त्याच्यासाठी भिंत हळूहळू खाली येणार होती. आम्ही थांबलो नाही. आम्हाला यश आले तेव्हा ती वाढ निम्म्यावर होती, आणि नावापुढे ‘किंगस्लेयर’ लागले त्या पहाटे मी गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि मला रडू आले. तीस टक्क्यांवर मारणाऱ्यांच्या नावापुढेही पुढे तीच अक्षरे लागली. त्यांना ती मिळू नयेत असे मला कधी वाटले नाही. पण शहराच्या चौकात दोन माणसे शेजारी उभी असताना पाहणाऱ्याला दोघांत काहीच फरक दिसत नाही, या गोष्टीने मी अस्वस्थ होत असे, आणि त्या अस्वस्थतेला मी उगाच क्षुद्रपणा म्हणणार नाही.

नोव्हेंबर २०११ मध्ये रेड फाइंडर आला. आता रांगेत नाव घातले, की चोवीस अनोळखी माणसांबरोबर कोणीही डेथविंगपर्यंत जाऊ शकत होता. कुतूहल म्हणून मी एकदा गेले. कोणी कोणाशी बोलले नाही, काही समजावून सांगावे लागले नाही, आणि जगाचा विध्वंसक म्हणून ज्याची वर्षभर जाहिरात झाली होती तो पहिल्याच प्रयत्नात समुद्रात कोसळला. माणसे लूट उचलून एकेक करून निघून जात असताना एकाने लिहिले, की तो पहिल्या वर्षापासून खेळतो आहे, पण कोणत्याही कथेचा शेवट त्याने स्वतः आत उभा राहून आजच पहिल्यांदा पाहिला.

मला त्याच्यासाठी आनंद झाला आणि माझ्या स्वतःच्या रात्रींसाठी वाईट वाटले, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

नंतर आयुष्य बदलले. ते सगळ्यांचेच बदलते, त्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही. आता माझ्याकडे वेळ असतो तो तुकड्यांनी. रात्री साडेदहाला मुलगी झोपते, पण झोपलीच असे नसते. पाणी मागायला, स्वप्न सांगायला ती उठून येते. सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ अकराची. पावसाळ्यात वीज जाते आणि तिच्याबरोबर इंटरनेटही जाते. अशा तासाभरात रेडला बसता येत नाही, कारण रेडमध्ये आणखी कित्येक जणांचा वेळ माझ्या हातात असतो आणि तो मी मुलीच्या एका हाकेसरशी टाकून देऊ शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘द वॉर विदिन’बरोबर डेल्व्ह आल्या तेव्हा मला किती हायसे वाटले, हे त्या सोयीची गरज कधी न पडलेल्या माणसाला समजावणे अवघड आहे. पंधरा-वीस मिनिटांची एक गुहा. एकटीने गेले तरी चालते, मध्येच उठले तरी माझ्यावाचून कोणाचे अडत नाही. आठव्या पायरीपर्यंत चढले, आठवड्यात अशा दोन पूर्ण केल्या, की बुधवारच्या व्हॉल्टमध्ये एक चांगला पर्याय माझ्यासाठी उघडतो. आणि आठवी पायरी मला कोणी उचलून दिलेली नाही. तिथेही मी मरते, तिथेही चाल बदलावी लागते, कोणत्या क्षणी थांबायचे आणि कोणत्या क्षणी धावायचे हे शिकावे लागते. मी तिथे खेळते तेव्हा माझे लक्ष आइसक्राउनमध्ये होते त्याहून कणभरही कमी नसते. कमी असते ती माझी हजेरी.

कौशल्य आणि हजेरी या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो, असे मला अलीकडे फार तीव्रतेने वाटते. शेवटच्या टप्प्यातली बक्षिसे कठीण काम करणाऱ्याला मिळतात असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्यांतली पुष्कळशी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, आठवड्यामागून आठवडा उपस्थित राहणाऱ्याला मिळतात. बॉस, म्हणजे रेडमधला मोठा शत्रू, आठवड्यातून एकदाच लूट देतो. सीझन संपला की त्याच्या बक्षिसांच्या पासमधल्या उरलेल्या वस्तू पुष्कळदा हातच्या जातात. ‘बीजीएमआय’ हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळणारी आमच्या वाड्यावरची मुले कॉन्करर रँकच्या मागे असतात. ती सर्व्हरवरच्या वरच्या पाचशे जणांनाच मिळते, आणि तिथे पोहोचलेल्यालाही टिकून राहण्यासाठी पुन्हा पुन्हा खेळावे लागते, कारण खालचा माणूस झोपलेला नसतो. सीझन बदलला की सगळ्यांचीच रँक खाली घसरते. परीक्षेच्या महिन्यात ज्याने फोन बाजूला ठेवला, त्याचा नेम काही बिघडलेला नसतो. तरी पडदा त्याला सांगतो, की तू खाली गेलास.

हे खेळ बनवणाऱ्यांना कळत नाही असे नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्याच सुरुवातीच्या चाचणीत फार वेळ खेळणाऱ्याचा अनुभवांक कमी होत जाईल असा नियम होता, आणि तो खेळाडूंना शिक्षेसारखा वाटला. तेव्हा आकडे जवळपास तेच ठेवून मांडणी उलट केली गेली: जो विश्रांती घेऊन येईल त्याला काही काळ दुप्पट मिळेल, नंतर नेहमीसारखे. तक्रार थांबली. मला ही हकीकत आवडते, कारण एका साध्या फेरफाराने गैरहजर माणसाचे स्वागत झाले. ‘फायनल फँटसी १४’ या दुसऱ्या ऑनलाइन खेळाचे निर्माते नाओकी योशिदा यांनी तर उघडपणे सांगितले आहे, की खेळाडूंनी खुशाल सुटी घ्यावी, दुसरे खेळ खेळावेत आणि नवे काही आले की परत यावे. हे वाचले तेव्हा मला त्या माणसाविषयी आदर वाटला. पण त्याच खेळात मोठ्या मिनतवारीने मिळालेल्या घरात पंचेचाळीस दिवस पाऊल टाकले नाही, तर ते घर पाडले जाते. जागा मोजक्या आहेत आणि इतरांना हव्या आहेत, हे कारण समजण्यासारखे आहे. तरी मला आठवतो तो आमच्या गिल्डमधला तारवटी.

तो सासष्टीचा, क्रूझच्या बोटीवर नोकरीला. सात-आठ महिने कंत्राट, मग दोन-तीन महिने घरी. घरी असताना तो आमच्यापैकी कोणाहीपेक्षा अधिक खेळत असे. पहाटे चारलाही तो असे, दुपारी दोनलाही असे, नवख्यांना घेऊन तो त्यांच्या डन्जनमध्ये जाई आणि स्वतःला काही नको असताना तासन्‌तास थांबे. मग एक दिवस त्याचे नाव यादीत राखाडी होई आणि पुढचे सात-आठ महिने तसेच राही, कारण बोटीवरच्या इंटरनेटवर घरी चेहरा दिसेल एवढे बोलणे झाले तरी पुष्कळ. परत येई तेव्हा त्याने जमवलेले सारे जुने झालेले असे. त्या माणसाला नैमित्तिक खेळाडू म्हणावे की निष्ठावान, हे मला आजही ठरवता येत नाही. गोव्यात असे किती तरी आहेत. ऑक्टोबर ते मार्च ज्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते ते किनाऱ्यावरच्या हॉटेलांतले वेटर आणि आचारी; दर आठवड्याला पाळी बदलणारे वेर्ण्याच्या औषध कारखान्यांतले ऑपरेटर. त्यांच्या वर्षाचा आकार आणि खेळाच्या सीझनचा आकार एकमेकांत बसत नाही. त्यांची निष्ठा मोजायला खेळाकडे मापच नाही.

अगदी आरंभी हे वेगळे होते. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी मड हा अक्षरांवर चालणारा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. त्या खेळात पुरेसे गुण मिळवले, की खेळाडू विझार्ड होई आणि त्याला त्या जगात ढवळाढवळ करण्याचे अधिकार मिळत: वस्तू हलवण्याचे, इतर काय करीत आहेत ते पाहण्याचे. शेवटचे बक्षीस म्हणजे अधिक धारदार तलवार नव्हती. खेळणे जिथे संपे तिथे त्या जगाची देखरेख सुरू होई. हे सगळे विझार्ड शहाणेच निघाले असतील असे मी मानत नाही, पण त्या रचनेत मला एक मोठेपणा दिसतो, कारण तिथे पोहोचलेल्याला पुन्हा गुण जमवत बसण्याची गरज उरत नसे. आजचा शेवटचा टप्पा मात्र कधी संपतच नाही. प्रत्येक नवा कमरपट्टा पुढच्या कमरपट्ट्यापर्यंत पोहोचण्याचे साधन असतो.

आणि बक्षीस माणसाचे काय करते, याचा एक प्रयोग मला या संदर्भात नेहमी आठवतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या, रंगीत मार्करने चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर तुम्हाला सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला ते न सांगता शेवटी दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी वर्गात मार्कर पुन्हा ठेवले, तेव्हा बक्षीस ठरवून चित्रे काढलेली मुले इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ त्यांच्याकडे वळली. त्या प्रशस्तिपत्रावर छापलेले होते, ‘गुड प्लेयर अवॉर्ड’. मी हे वाचून बराच वेळ पुढे सरकू शकले नाही. भाच्याला लहानपणी या खेळातले काय आवडायचे ते मला आठवते. तो माझ्या मांडीवर बसून मला एल्विन फॉरेस्टमधल्या तळ्याकाठी थांबायला सांगायचा, कारण तिथे बेडकांचा आवाज येतो. आज तो त्या रानातून जातो तेव्हा उडत जातो, वरून.

तरीही बक्षिसे काढून टाका, असे मी म्हणणार नाही. आमच्या गावच्या देवळात सप्ताहाला साखळी भजन असते. अहोरात्र, एकही क्षण खंड न पडू देता. संध्याकाळच्या पाळीला नावाजलेले बुवा येतात, पखवाज घुमतो, मंडप भरलेला असतो. पहाटे तीनच्या पाळीला चार-पाच माणसे उरतात, त्यांत एकाचा सूर लागत नाही आणि एकाचे डोळे मिटत असतात, पण टाळ थांबत नाही. माझे वडील वर्षानुवर्षे त्या पाळीला बसले. प्रसाद सगळ्यांना सारखा मिळतो, नुसता नमस्कार करून जाणाऱ्यालाही. श्रीफळ मात्र बुवांना दिले जाते, आणि तीनच्या पाळीला कोण बसले ते साऱ्या गावाला ठाऊक असते. प्रसाद सर्वांना मिळाल्याने बुवांचे श्रीफळ हलके झाले, असे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. याचे कारण या तिन्ही गोष्टी तिथे वेगवेगळ्या हातांनी दिल्या जातात. आमच्या खेळात त्या तिन्ही एका आकड्यात कोंबल्या आहेत. आयटम लेव्हल हे हत्यार आहे, पुढच्या दाराचे तिकीट आहे आणि छातीवरचे पदकही आहे. त्यामुळे कोणी उदार मनाने हत्यार वाटले, की पदक मिळवलेल्याला आपले पदक वाटून टाकल्यासारखे होते. भाच्याचे दुःख तिथले आहे. मला कमरपट्टा मिळाला याचे त्याला वाईट वाटले नाही. त्याच्या रात्रींची खूण म्हणून त्याच्याजवळ तेवढाच आकडा होता आणि तो आता माझ्याजवळही आहे, याचे वाटले.

म्हणून मला वाटते, की हत्यारे सढळ हाताने द्यावीत, कथेचा शेवट सर्वांना पाहू द्यावा, आणि खूण वेगळी, दिनांक घातलेली असावी. पुढची रेड येण्यापूर्वी जे शेवटचा बॉस पाडतात त्यांच्यासाठी ‘अहेड ऑफ द कर्व्ह’ आणि ‘कटिंग एज’ या नोंदी खेळात आहेतच, आणि त्या नंतर कोणालाही मिळत नाहीत. हे मी भाच्याला नंतर फोनवर सांगितले. त्याला ते पटले. मग मीच अडले, कारण मला तारवटी आठवला. दिनांक घातलेली खूण बोटीवरच्या माणसाला कधीच मिळणार नाही. भाचा म्हणाला, ‘मग जुनी रेड जशीच्या तशी पुन्हा उघडायची, आला की करील.’ हे करून झाले आहे. २०१९ मध्ये जुना खेळ ‘क्लासिक’ म्हणून परत आणला गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये चाळीस जणांचे नॅक्स्रामस त्यात पुन्हा उघडले. ज्या वास्तूने २००६ मध्ये बहुतेकांना दारातूनच परत पाठवले होते, ती कित्येक गिल्डनी पहिल्याच दिवशी रिकामी केली. चाळीस माणसे तेवढीच होती आणि घोडेस्वारही चारच होते, पण मधल्या चौदा वर्षांत प्रत्येक दालनाचे ज्ञान सर्वत्र पसरले होते. दार पुन्हा उघडता येते. दाराच्या पलीकडे काय आहे आणि ते आपल्याला जमेल का, हे ठाऊक नसण्याची अवस्था मात्र पुन्हा आणता येत नाही.

मला वाटते, भाच्याने त्या सगळ्या रात्रींत जे केले ते हे होते. चित्रफिती पाहून राणीच्या सगळ्या चाली त्यांना पाठ होत्या; पण ती माणसे एकमेकांना ठाऊक नव्हती. कोण घाबरला की गप्प होतो, कोण चूक झाली की आधी दुसऱ्याचे नाव घेतो, कोणाला दोनदा सांगावे लागते, कोण शेवटच्या पाच टक्क्यांत सर्वांत स्थिर राहतो, हे त्यांना त्या वाइपांमधूनच, सगळे मरण्याच्या त्या वेळांमधूनच, कळले. ते कोणत्याही व्हॉल्टमधून निघत नाही आणि माझ्या गुहेत ब्रॅनबरोबर ते मला मिळणेही शक्य नाही. मी ते त्याला जवळजवळ याच शब्दांत सांगितले.

त्याने ऐकून घेतले आणि मग जे विचारले त्याला माझ्याकडे तेवढे तयार उत्तर नव्हते. त्यांची गिल्ड आता मिथिकला, म्हणजे रेडच्या सर्वांत अवघड पातळीला, लागणार होती, आणि मिथिकला नेमकी वीस माणसे लागतात. एकोणिसांनी चालत नाही. ‘आत्या, तू म्हणतेस ते आमच्या दहा-बारा जणांना कळतं,’ तो म्हणाला. ‘पण विसावा माणूस गियरसाठीच येतो. त्याला तेच गियर घरबसल्या मिळालं, तर तो येणार नाही, आणि तो आला नाही, तर आम्हीही बसू शकत नाही.’ हे खरे आहे. आइसक्राउनमध्ये आमच्याकडेही असे विसावे-पंचविसावे होते. त्यांतले काही लूट घेऊन गेले, आणि काही लुटीसाठी आले आणि राहिले. त्याही आधी, ती डच परिचारिका ज्याच्यामुळे आमच्यात आली, तो असाच खांद्यावरच्या एका कवचासाठी एका रविवारपुरता म्हणून आला होता. मिथिकचे गियर माझ्या गुहेतल्या गियरपेक्षा वरचढ आहे आणि ते तसेच राहावे, एवढे मी त्याला लगेच कबूल केले. पण विसाव्या माणसाला बोलावण्यासाठी माझ्यासारखीला किती खाली ठेवावे लागेल, यावर आमचे एकमत झालेले नाही. तो म्हणतो दोन पायऱ्या. मी म्हणते एक पुरे. दर सीझनला नवे आकडे जाहीर झाले, की आम्ही दोघे फोनवर पुन्हा तिथूनच सुरुवात करतो.